नारळाच्या यंत्रापाशी

अंबत्तूरच्या त्या दुकानात मी भाजीच्या विभागात लागले तेव्हा मला तमिळ समजायचं, बोलायला मोडकंतोडकं यायचं आणि वाचायला अजिबात यायचं नाही. कराडहून इथे आलो तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. नवऱ्याच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्याची बस, त्याच्या पाळ्या, मुलीची शाळा यात नऊ वर्षं कशी गेली कळलं नाही. ती नववीत गेली, दिवसभर घर खायला उठायला लागलं, आणि मी दुकानाच्या दारावरची पाटी मुलीकडून वाचून घेऊन आत गेले. कामाला बायका हव्या होत्या.

दुकान मोठं होतं. किराणा, दूध, भांडी, भाजी सगळं एकाच छपराखाली. भाजीच्या शेवटी, भिंतीला लागून, नारळ खवायचं यंत्र होतं. स्टीलचं टेबल, खाली मोटर, आणि वर एका दांड्यावर कमळाच्या कळीएवढं दातेरी पातं गरगर फिरत असायचं. नारळाची वाटी दोन्ही हातांत धरून त्या पात्यावर दाबायची आणि फिरवत राहायची. पांढराशुभ्र चव खालच्या ताटात पडत राहतो. आपल्याकडच्या विळीचंच काम, पण विळी काही अंगावर धावून येत नाही. मला त्या यंत्राची पहिल्या दिवसापासून भीती वाटायची. त्याच्या आवाजाचीच.

तिथे उभी असायची ती बाई पन्नाशीच्या पुढची, सडपातळ, केस घट्ट बांधलेले. सगळे तिला अक्का म्हणायचे. मीही म्हणायला लागले. आमच्याकडेही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात, त्यामुळे जीभ अडखळली नाही. चौथ्या दिवशी एक नारळ फोडताना सगळं पाणी तिच्या पायांवर सांडलं, आणि ती स्वतःशीच म्हणाली, "अगे बाई, सगळें लुगडें भिजलें."

मी हातातली दोडकी खाली ठेवली. "अक्का, तुम्ही मराठी?"

"होय की. आम्ही तंजावूरचे. तूं कोण गांवची?"

तिचं मराठी ऐकताना कुणीतरी जुनी पोथी उघडून वाचतंय असं वाटायचं, आणि मधूनच तमिळ शब्द यायचे. तिच्या घराण्यातल्या कित्येक पिढ्यांनी महाराष्ट्र पाहिला नव्हता. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून ती इथे काम करत होती, सहा वर्षं. त्या दिवसापासून माझा जीव दुकानात रमला. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी मागच्या जिन्यावर बसायचो. ती माझी भाकरी खायची, मी तिचा सांबारभात.

यंत्राचं एक सांगायला हवं. त्याला खाली पायाने दाबायचं पायडल होतं. पाय दाबलेला असेल तोवरच पातं फिरावं आणि पाय उचलला की थांबावं, अशी त्याची रचना. पण पायडल मी यायच्या आधीच मोडलं होतं. कुणीतरी वायर सरळ भिंतीवरच्या बटणाला जोडून दिली होती. त्या भिंतीला लागून कांद्याचे क्रेट रचलेले असायचे, त्यामुळे बटणापर्यंत पोचायला आधी क्रेट हलवावे लागत. म्हणून अक्का सकाळी एकदा यंत्र चालू करायची ते जेवायच्या वेळीच बंद करायची. मधे गिऱ्हाईक नसलं तरी ते फिरतच राहायचं. मेकॅनिक पुढच्या आठवड्यात येणार आहे, असं सगळे सांगायचे.

अक्का उघड्या हातांनी खवायची. एकदा कुठल्यातरी गिऱ्हाइकाने त्या उघड्या हातांचा फोटो काढून इंटरनेटवर टाकला. दुसऱ्याच दिवशी मॅनेजरांनी मला बोलावलं. आम्ही त्यांना सार म्हणायचो. पस्तिशीचा माणूस, नेहमी घाईत. त्यांनी माझ्या हातात रबरी हातमोज्यांचं पाकीट दिलं. "ती माझं ऐकत नाही. तुमचं ऐकते. तुमच्या भाषेत सांगा."

मी सांगितलं. अक्काने मोजा घालून पाहिला. सगळे एकाच मापाचे होते, पुरुषांच्या हाताचे. तिच्या प्रत्येक बोटापुढे अर्धा इंच रबर रिकामं लोंबत होतं.

"हें घालून मज कळत नाहीं मा, हात कोठें आहे तें."

"अक्का, चार दिवस घाला. ते विसरतील."

तिने घातले. माझ्या शब्दाखातर घातले.

तमिळ आडी महिन्यातला, म्हणजे आपल्याकडच्या आषाढ-श्रावणातला, शुक्रवार होता. त्या महिन्यात शुक्रवारी देवीची पूजा, घरोघरी पायस आणि उकडीच्या मोदकासारख्या कोळुकट्टै, त्यामुळे नारळासाठी सकाळपासून रांग. साडेदहा वाजले असतील. मी चार-पाच हातांवर शेवग्याच्या शेंगा वजन करत होते. एका बाईने माझ्याकडेच खवलेल्या नारळाची दोन पाकिटं मागितली. मी मान वर करून ओरडले, "अक्का, अजून दोन!"

तिने माझ्याकडे पाहिलं.

आणि मोटरचा आवाज बदलला. एरवी तो बारीक, सरळ असायचा. तो एकदम जाड झाला, घुसमटल्यासारखा. मला आधी रक्त दिसलं नाही. अक्काचा चेहरा दिसला. तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच बाहेर येत नव्हतं. तिचं सगळं अंग यंत्राकडे ओढल्यासारखं झुकलं होतं.

मी तिच्याकडे धावले नाही. बटणाकडे धावले. ते योग्य होतं हे मला नंतर नवऱ्याने सांगितलं, पण त्या क्षणी मी काही विचार केला नव्हता. क्रेट मी खेचून पाडले. कांदे सगळीकडे घरंगळले. भिंतीवर तीन बटणं होती आणि त्यातलं यंत्राचं कुठलं ते मला माहीत नव्हतं. तीन महिने मी तिथे काम करत होते आणि मला माहीत नव्हतं. पहिलं दाबलं तर पंखा बंद झाला. दुसरं दाबलं तर भाजीवरचे दिवे गेले. तिसऱ्याने यंत्र थांबलं.

मोजा दांड्याभोवती पीळ पडून घट्ट बसला होता. कुणीतरी कात्री आणली. सार स्वतः गुडघ्यांवर बसून तो कापत होते. अक्काला आता आवाज फुटला होता, पण ती रडत नव्हती. ती माझ्याकडे बघून एकच विचारत होती, "यंत्र बंद केलेंस ना? बंद केलेंस ना?"

"केलं अक्का. बंद केलं."

सारांच्या गाडीत तिला नेलं. मला मागे ठेवलं, कारण भाजीवर दुसरं कुणी नव्हतं. अर्ध्या तासात फिनेल टाकून फरशी पुसली गेली. यंत्रावर एक निळी ताडपत्री टाकली. रांगेतली एक बाई मला विचारत होती की खवलेला नारळ दुसरीकडे कुठे मिळेल. तिने काही पाहिलं नव्हतं, तिचा दोष नाही. मी शेंगा वजन करायला लागले. काट्यावरचे आकडे दिसत होते पण त्यांचा अर्थ लागत नव्हता.

उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारचं आणि मधलं, वरच्या पेरापासून गेली. संध्याकाळी फोन आला.

घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं. मी हाक मारली होती, तेवढं सोडून. तो यंत्रांतच काम करणारा माणूस. त्याने एकच प्रश्न विचारला.

"बंद करायचं बटण कुठे होतं?"

"कांद्याच्या क्रेटमागे."

तो जेवण अर्धं टाकून उठला.

मला मात्र माझाच आवाज ऐकू येत होता. अक्का, अजून दोन. भांडी घासताना, मुलीची वेणी घालताना. कुणी तरी ऐकलं असेल का? रांगेतल्या बायकांना मराठी कुठून कळणार? पण आवाज तर ऐकला असेल. कॅमेरा आहे. कॅमेऱ्यात माझं तोंड उघडताना दिसत असेल. मी दुकानात शिरताना छताकडे बघायला लागले, कुठला कॅमेरा कुठे वळलाय ते.

सोमवारी सारांनी खोलीत बोलावलं. टेबलावर तमिळमध्ये टाईप केलेला एक कागद होता.

"सही करा. तुम्ही समोर होतात."

"काय लिहिलंय सार?"

"जे झालं तेच. विम्यासाठी लागतं."

मी पेन हातात घेतलं होतं, हे कबूल करते. सही करून मोकळं व्हावं, असंच वाटत होतं. पण न वाचता सही करायची नाही हे माझ्या वडिलांनी लहानपणीच डोक्यात भरवलेलं. मी म्हणाले, "घरी मुलीकडून वाचून घेते."

सारांचा चेहरा उतरला. खोलीत एसी चालू होता आणि तरी ते मानेवरचा घाम पुसत होते. "उद्या आणा," ते म्हणाले. मग मी दारात असताना म्हणाले, "आणि उद्यापासून नारळावर तुम्ही. दुसरं कुणी नाही."

मुलीचं तमिळ माझ्या मराठीपेक्षा सफाईदार आहे. शाळेतून आल्यावर तिने दप्तरही न काढता कागद हातात घेतला. एक ओळ मनात वाचायची, मग अडखळत मराठीत सांगायची.

"यंत्र चांगल्या स्थितीत होतं. कंपनीने हातमोजे दिले होते. काम करताना त्या... सोबतच्या कामगाराशी गप्पा मारत होत्या. लक्ष नसल्यामुळे..." ती थांबली. "आई, सोबतची कामगार म्हणजे कोण? तू?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. किंवा माहीत नव्हतं आणि नुसतंच लिहिलं होतं, पण ते खोटंही नव्हतं. सही केली तर अक्काच्या डोक्यावर सगळं जाणार. नाही केली तर मला सांगावं लागणार की हाक मी मारली.

आणि मग जे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते चौदा वर्षांच्या मुलीला सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. "मुद्दाम मारलीस?"

"नाही गं."

"मग?" ती पुन्हा कागदाकडे वळली, बोट लावून वरपासून खालपर्यंत गेली. "आई, पायडल मोडलं होतं म्हणालीस ना? ते इथे कुठेच नाहीये."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात फोन करून सांगितलं की आज येत नाही, कागद उद्या आणते, आणि दवाखान्यात गेले. लांब व्हरांडा होता. अक्काच्या वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन मी दोनदा परत फिरले. पाणी प्यायच्या निमित्ताने एकदा, आणि एकदा काहीच निमित्त नसताना. ती मला शिव्या देईल याची भीती नव्हती. ती मला काहीच म्हणणार नाही, नुसतं तोंड फिरवेल, याची होती.

ती उशाला टेकून बसली होती. बँडेज केलेला हात उशीवर उंच ठेवलेला. शेजारी तिचा नवरा स्टुलावर बसून कॉफी फुंकून गार करत होता. मला बघून ती हसली आणि त्या हसण्याने मला जास्तच भीती वाटली.

मी बसलेच नाही. उभ्यानेच म्हणाले, "अक्का, त्या वेळी मी हाक मारली होती."

"हां. ऐकिलें मी. तुजकडेच पाहिलें."

मला वाटलं होतं ती म्हणेल, ऐकलंच नाही, आवाजात कुठे ऐकू येतं. मी त्याच आशेवर आले होते बहुतेक.

"पण ऐक," ती म्हणाली. "सहा वरुषें मी वर पाहूनच काम करित्यें. कोण आलें, किती पाकिटें, सगळें वर पाहून. तुज पाहिलें तेव्हां हात मागें घेतला होता मी. मज पक्कें ठाऊक आहे. हात मागें आला. मोजा नाहीं आला." मग जरा वेळाने, "पायडल असतें तर पाय उचलिला असता, नाहीं का? सवय होती मज. पाय उचलिलाही असेल मी. कोण जाणे."

तिचा नवरा कॉफीकडे बघत होता.

मी तिला कागदाबद्दल सांगितलं. ती घाबरली. पहिल्यांदा मी तिच्या डोळ्यांत भीती पाहिली, यंत्रापाशीही नव्हती तशी. "मग परत कामास घेतील की नाहीं मज? अय्यो, तें तर विचार गे त्यांस."

निघताना तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "आणि पुन्हां कोणास हाक मारूं नकोस. यंत्र फिरतें आहे तोंवर नाहीं."

खालच्या बाकावर बसून मी मुलीच्या वहीतल्या पानावर लिहायला लागले, मराठीत. दोन पानं फाडली, तिसऱ्यावर जमलं. मी हाक मारली आणि तिने वर पाहिलं. मोजे मोठे होते. सारांनी द्यायला सांगितले आणि मीच तिला घालायला लावले. पायडल मी कामाला लागायच्या आधीपासून मोडलेलं आहे. बटण कांद्यामागे आहे आणि ते कुठलं हे मला कुणी दाखवलं नव्हतं. संध्याकाळी मुलीने ते तमिळमध्ये उतरवलं, तिच्या गोल अक्षरात. एक शब्द बदलला नाही. खाली मी मराठीत सही केली. तोवर नवऱ्यालाही कळलं होतं. तो म्हणाला, "काम जाईल तुझं." मग म्हणाला, "जाऊ दे." पण त्यालाही भीती वाटत होती, हे मला त्याच्या पाठीवरून कळत होतं.

बुधवारी सारांनी तो कागद उभ्यानेच वाचला. "यात तुम्ही स्वतःलाही अडकवताय."

"हो सार."

"मोजे मी दिले, हेही लिहिलंय."

"हो सार."

ते खुर्चीत बसले. बराच वेळ कागद उलटासुलटा करत राहिले. "मलाही नोकरी आहे अम्मा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मला त्यांच्यावर रागवायचं होतं, पण गुडघ्यांवर बसून मोजा कापणारे ते आठवत होते.

"नारळावर जा आता. पाच दिवस बंद आहे ते. गिऱ्हाइकं ओरडतात."

माझं सगळं तमिळ त्या क्षणी डोक्यातून उडून गेलं. जे उरलं होतं ते एकदाचं बाहेर पडलं. "पायडल सरि पण्णुंगो सार. अप्पुरम पोरेन." पायडल दुरुस्त करा, मग जाते. एवढंच. बोलून झाल्यावर मी खोलीतून बाहेर पडले.

नंतरचे आठ दिवस मी कधी विसरणार नाही, आणि त्या आठ दिवसांत काहीच घडलं नाही. मी बटाटे निवडायचे, कोथिंबिरीच्या जुड्या बांधायचे. माईकवरून कुणाचंही नाव पुकारलं की हातातलं काम थांबायचं. दुकानातल्या बाकीच्या बायका माझ्याशी बोलायच्या थांबल्या. रागाने नव्हे. माझ्या शेजारी उभं राहिलेलं कुणी बघू नये म्हणून. जेवायला मी त्या जिन्यावर एकटीच बसायचे आणि डबा तसाच घरी न्यायचे. नारळाच्या यंत्रावर ती निळी ताडपत्री तशीच होती. मी तिच्याकडे पाठ करून काम करायचे, आणि पाठ केली की ते मागे चालू झालंय असं वाटायचं.

नवव्या दिवशी मोठ्या ऑफिसातून एक वयस्क गृहस्थ आले. त्यांनी ताडपत्री काढली, वायरीचे, क्रेटचे फोटो काढले. मला हिंदीत विचारलं, कागद तुम्हीच लिहिला का? मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. ते काय होतं, मला आजही माहीत नाही. दुपारी मेकॅनिक आला. पायडलची स्प्रिंग बदलली, वायर पूर्ववत केली, हाताशी एक लाल बटण बसवलं. मी घड्याळाकडे बघत होते. वीस मिनिटं लागली. सगळ्या कामाला वीस मिनिटं. मी शीतगृहात जाऊन दार ओढून घेतलं आणि तिथे रडले.

मोजे परत गेले. दोन महिन्यांनी सारांची बदली झाली, कशामुळे ते कुणी सांगितलं नाही. अक्काचा विमा मंजूर झाला आणि चार महिन्यांनी ती कामावर आली, दारापाशी पिशव्या ठेवून घ्यायच्या काउंटरवर. टोकन ती डाव्या हाताने देते. उजवा हात पदराखाली असतो. अंगठा आणि उरलेल्या दोन बोटांनी तिला आता भात कालवता येतो, पण चारचौघांत ती चमचा वापरते. आम्ही पुन्हा एकत्र जेवायला लागलो. त्या दिवसाबद्दल ती बोलत नाही, मीही काढत नाही.

नारळावर मीच आहे. या आडी महिन्यात दोन वर्षं होतील. पहिल्या दिवशी मी एक वाटी खवायला दहा वेळा पाय उचलून पाहिला, पातं खरंच थांबतंय का. आता तितकं करत नाही. पण मान वर करून काम करणं मला जमलेलं नाही. गिऱ्हाईक काही विचारतं तेव्हा मी आधी यंत्र थांबवते, मग बघते. लोकांना वाटतं मी उर्मट आहे, किंवा बहिरी. वाटू दे. घरी मात्र मी नारळ आणायचा बंद केला आहे. मुलगी कधीतरी चटणी मागते, तेव्हा डाळ्याची करते.

नवरा म्हणतो, सोडून दे. मी सोडत नाही, कारण मी सोडलं तर तिथे कुणाला उभं करतील, आणि तिला पायडलचं कोण सांगेल, हे मला ठरवता येत नाही. गेल्या महिन्यात मी नव्या मॅनेजरांकडे अर्ज दिला आहे, की मला बिलिंगवर घ्यावं आणि माझ्या जागी येणाऱ्या बाईला शिकवायला मला आठ दिवस द्यावेत. अर्ज मी स्वतः तमिळमध्ये लिहिला. मुलीने दोन चुका काढल्या. अजून उत्तर आलेलं नाही.